डाळजचे डंकन

शहाजादीचाचींच्या कालवडीच्या कार्डावर बापाच्या रकान्यात एकच शब्द होता : डंकन.

बारामतीच्या एका पशुपैदास केंद्रात वळूंच्या वंशावळी सांभाळणं हे माझं काम. शेतकऱ्याची गाय माजावर आली की आमचा माणूस मोटरसायकलवर नायट्रोजनचा छोटा कंटेनर बांधून जातो, त्यातली वळूच्या वीर्याची गोठवलेली कांडी काढतो, गाय भरतो, आणि कार्डावर तारीख व वळूचा क्रमांक लिहितो. क्रमांक लिहावा असा नियम आहे. इंदापूरच्या बाजूला मात्र वर्षानुवर्षं नुसतं नाव लिहायची पद्धत पडली होती, कारण त्या बाजूला एकच नाव चालत होतं.

पहिला डंकन २०१४ साली आला. क्रमांक ९१०४४. त्याच्या पोरींनी पहिल्याच वेताला बावीस-चोवीस लिटर दूध दिलं आणि डाळजपासून पळसदेवपर्यंत लोक दुसऱ्या वळूचं नाव ऐकून घेईनात. मग ते नाव वळूच्याही पुढे गेलं. पळसदेवला डंकन क्रिकेट क्लब निघाला. हायवेला डंकन टी सेंटर उघडलं. आमच्या अंथुर्ण्यात माझ्या ज्ञानदेवकाकांनी कुत्र्याचं नाव डंकन ठेवलं. हाक मारली तर तो येत नाही, तेव्हा काका म्हणतात, "परदेशी हाय ते. मराठी कळत न्हाय त्याला."

पहिल्या डंकनच्या कांड्या २०१७च्या पावसाळ्यात संपल्या. २०२०च्या जानेवारीत आमच्याकडे दुसरा एक वळू आला, त्याचंही नाव डंकनच होतं. क्रमांक ९१५६२. दोघांचं आपसात काही नातं नव्हतं.

शहाजादीचाचींची कालवड तीनदा भरून तीनदा उलटली होती, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली होती. चौथ्यांदा, गेल्या नोव्हेंबरात, अमजदने तिला भरलं. अमजद हा आमचा त्या बाजूचा तंत्रज्ञ. त्याच्याकडे कांडी होती दुसऱ्या डंकनची. कार्डावर बाप डंकन पाहून त्याने मला फोन केला होता, "म्याडम, हिचा बाप डंकन हाय. जुनाच आसंल की. नव्याची कांडी चालंल न्हवं?" मी चालेल म्हणाले. कालवडीचं वय मी विचारलं नाही.

जानेवारीत मी ते कार्ड संगणकावर चढवायला घेतलं तेव्हा तारीख वाचली. कालवडीच्या आईला भरलं होतं ११ मे २०२० रोजी. पहिल्या डंकनच्या कांड्या संपून तेव्हा जवळजवळ तीन वर्षं झाली होती. म्हणजे कार्डावरचा डंकन दुसरा. आणि कालवडीच्या पोटात होतं ते तिच्याच बापाचं वासरू.

बाप-लेकीच्या संकरातलं आप्तप्रजनन पंचवीस टक्के धरतात. सहा टक्क्यांच्या वर आम्ही जात नाही. अशी वासरं सगळीच वाईट निघतात असं नाही. पण काही मेलेली जन्मतात, काही उभी राहत नाहीत, आणि जी वाढतात त्यांच्यातला कमकुवतपणा पुढे जातो. मी अमजदला फोन लावला.

"चाचींची कालवड तपासलीस का?"

"कालच! गाभण हाय म्याडम. चाचीनं सगळ्या आळीला पेढं वाटलं. मला चार दिलं."

मी त्याला तारीख सांगितली.

"चार पेढं खाल्लं हो मी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, गाय मोकळी करायची, म्हणजे गर्भ पाडायचा, तर इंजेक्शन चार महिन्यांच्या आत द्यावं, जितकं लवकर तितकं बरं. शेपटीच्या केसांच्या मुळांवरून बाप ठरवता येतो, पण अहवाल यायला दहा-बारा आठवडे. गर्भ दोन महिन्यांचा होता. अहवालाची वाट पाहिली असती तर मुदत निघून गेली असती.

दुपारी मी दुसऱ्या डंकनची मूळ परदेशी वंशावळ शोधायला बसले. नुसतं नाव टाकलं तर वळू आलाच नाही. आली एक लांबलचक यादी. हे मूळचं स्कॉटलंडचं नाव. त्या नावाचे दोन राजे. मुंबईचा एक जुना गव्हर्नर, आणि मुंबईतलाच एक जुना रस्ता. कॅनडातलं एक शहर, अमेरिकेतलं एक गाव, अंदमानातल्या दोन बेटांमधली एक सामुद्रधुनी. पपनसाच्या जातीचं एक खूप बियांचं फळ. आणि खाली, माझ्या ओळखीचा एकटाच : संख्याशास्त्रज्ञ डंकन. राहुरीला प्रबंध लिहिताना त्याची चाचणी मी इतक्या वेळा वापरली होती की स्वप्नातही तक्ते दिसत. सहा-सात सरासऱ्या असल्या की त्यातल्या कोणत्या खरोखर वेगळ्या आणि कोणत्या नुसत्या वेगळ्या दिसतात, हे ती चाचणी सांगते; ज्या वेगळ्या नाहीत त्यांच्यापुढे एकच अक्षर येतं.

ती यादी करणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं. प्रत्येक नावापुढे कंसात साल होतं, ठिकाण होतं, काम होतं. शेकडो डंकन होते, पण एकाचा राजवाडा दुसऱ्याच्या नावावर चढला नव्हता. आमच्याकडे डंकन मोजून दोन, आणि त्यांचा घोळ करायला मला एक फोन पुरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अमजद डाळजला गेलो. शहाजादीचाची पन्नाशीच्या. हायवेपासून आत त्यांचं दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याचा गोठा. दोन वर्षांपूर्वी लम्पीच्या साथीत त्यांच्या चार गायी गेल्या. कालवड तेवढी वाचली, अंगावर गाठींचे वण घेऊन. त्यांचे पती नईमचाचा त्याच्याही आधीच्या वर्षी वारले होते. ही कालवड त्यांच्या हयातीतली शेवटची.

मी सगळं सांगितलं. माझी चूक आधी सांगितली, मग अमजदची.

चाची कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "म्हंजी दोन डंकन हुते."

"हो."

"आन दोघांना नुसतं डंकन म्हणत हुता तुमी?"

"हो."

"आगं, आमच्या डाळजला तीन नंबर हायेत. डाळज एक, डाळज दोन, डाळज तीन. नुसतं डाळज लिवलं तर पोस्टमन दारात हुभा राहून शिव्या देतो. आन तुमी शिकल्याली मानसं, वळूला नंबर टाकला न्हाय?"

"नंबर होता, चाची. लिहिला नाही."

"मंग त्यो हुता काय आन नव्हता काय." त्या गोठ्याच्या दांडीला टेकल्या. "पोटातलं पाडायचं म्हनतीस?"

"मी काही म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात, पाडायचं तर लौकर. राहू द्यायचं असेल तरी तुमच्या मनावर आहे."

"चार डावात राहिलंय. पुन्यांदा राहील?"

"सांगता येत नाही."

"न्हाय राहिलं तर ही बाजारात. दुसरं काय करनार मी भाकड जनावराचं?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन बाप डंकनच हाय ह्यात फरक न्हाय. लाकडाऊनमधी मालकांनी तुमच्या म्हस्कूआबाला दोन तास दाराबाहेर बसवून ठेवलं हुतं. डंकनचीच कांडी पायजे, न्हायतर गायीला हात लावू नका. मी घरातनं ऐकत हुते. आबा म्हनले, डंकनचीच हाय, आनाभाका घेतो."

लॉकडाऊन हा शब्द मी तारखेशी जोडला नव्हता. परत येताना अमजद गाडी चालवत होता आणि मी मागे बसून मनात आकडे मांडत होते.

केंद्रात आल्यावर फाटकावरची टँकरची वही काढली. नायट्रोजनचा टँकर २० मार्च २०२०ला आला होता. त्यानंतरचा थेट १६ मेला. म्हस्कूआबा, अमजदच्या आधीचे आमचे तंत्रज्ञ, यांच्याकडे तीन लिटरचा कंटेनर होता. त्यातून दिवसाला दीडशे ते दोनशे मिलिलिटर नायट्रोजन उडून जातो. रोज झाकण उघडलं तर जास्तच. काटकसरीने वापरला तरी एप्रिलच्या आठ-नऊ तारखेला कंटेनर कोरडा. उणे एकशे शहाण्णव अंशांवरून कांडी एकदा बाहेरच्या तापमानाला आली की त्यातलं सगळं मेलं. बाकीच्या तंत्रज्ञांच्या नोंदी एप्रिलच्या मध्यावर थांबल्या होत्या. म्हस्कूआबांच्या मेच्या सुरुवातीला पुन्हा सुरू झाल्या होत्या. मेमध्ये त्यांनी डाळजला एकूण अठरा गायी भरल्या होत्या, त्यातल्या आठ गाभण राहिल्या होत्या, आणि अठराही ठिकाणी बाप एकच : डंकन.

मेलेल्या कांड्यांनी आठ गायी गाभण राहत नाहीत.

म्हस्कूआबा निवृत्त होऊन पळसदेवला राहतात. धरणाच्या पाण्यावर त्यांच्या पुतण्याची होडी आहे. मी गेले तेव्हा ते काठावर बसून चिलाप्या निवडत होते, लहान एका टोपलीत, मोठ्या दुसऱ्या.

"या म्याडम. मासं न्यायला आला?"

"आबा, २०२०च्या मे महिन्यात तुमच्या कंटेनरमध्ये नायट्रोजन नव्हता."

त्यांचा हात थांबला नाही. दोन मासे झाले, तीन झाले.

"कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. हिशेब केला."

"हिशेब," ते म्हणाले आणि हात पंचाला पुसले. "चार वर्सं मी वाट बगत हुतो कोन यील म्हून. मला वाटलं कुनीतरी शेतकरी कोयता घिऊन यील."

मग त्यांनी सांगितलं. कंटेनर कोरडा पडला तेव्हा गायी माजावर येतच होत्या. गायींना लॉकडाऊन नव्हता. दौंडच्या बाजूला त्यांचा मेहुणा हेच काम करायचा, त्याच्याकडे मोठा कंटेनर होता. रस्त्यावर फक्त दुधाच्या टँकरला पास. आबा टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेले, दोन लिटर नायट्रोजन आणि वीस कांड्या घेऊन आले. कांड्यांवर नुसता क्रमांक होता, वळूला नाव नव्हतं.

"नावच नव्हतं, म्याडम. आन हितं तर डंकन म्हनल्याबिगर कुनी गोठ्याचं फाटक उघडंना. नईमभाईनं तर दोन तास बसीवलं. मी म्हनलं, गाय तर गाभण राहू दे. आनभाक घेतली आन पोटात ठिवली."

"खोटं बोललात."

"व्हय. पर जनावर चांगलं दिलं. बगा की कालवड." ते थांबले. "काय झालंय कालवडीला?"

मी सांगितलं. ते ऐकता ऐकता उठून उभे राहिले.

"मंग पाडायचं कारनच न्हाय! त्यो डंकन तिचा बाप न्हायच!"

"चाचींना हे सांगायला हवं."

आबांचा चेहरा उतरला. "तुमी सांगा. रिपोट आला म्हना. कागदावर सही करून द्या, बाप दुसरा हाय म्हून. खरंच हाय ते. नईमभाई गेल्याला मानूस. त्येच्या बायकुपुढं मी काय तोंडानं जाऊ? आन नुसती ती एक न्हाय. लोकांनी डंकनची लेक म्हून कालवडी इकल्यात."

"न आलेला अहवाल आला म्हणू? तुम्ही नसलेल्या डंकनचं नाव लिहिलंत, मी नसलेला अहवाल लिहू?"

ते परत बसले. टोपलीतला एक मासा अजून तोंड उघडत होता. त्यांनी तो उचलून पाण्यात सोडला.

"तुमी लई सरळ बोलता, म्याडम," ते म्हणाले. "त्यापरीस कोयता बरा."

मला वाटलं ते येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आणि अमजद पोचलो, डाळजच्या संकलन केंद्रावर शेजाऱ्यांचं दूध घालून चाची घरी परतत होत्या, तेव्हा आबा त्यांच्या फाटकाबाहेर उभे होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. आत आले नाहीत. चाचींच्या मागून किटल्या हलवत शेजारच्या तीन-चार बायकाही येत होत्या. आबांनी त्यांच्या देखतच सांगितलं, एका दमात, मान खाली घालून.

अमजदने माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी मालक फसलं," चाची म्हणाल्या.

"व्हय, भाभी."

"आज कशावरनं खरं बोलताय? तवा आनभाक घेतली हुती. आज न्हाय घेतली."

चाचींनी किटली खाली ठेवली. "त्या दिवशी गायीची शेपटी कुनी धरली हुती?"

"नईमभाईनंच. तोंडाला तुमची वढनी बांधली हुती, हिरवी. मास्क गावला न्हाय म्हनला. माज्यापसनं चार हात लांब राहायचं म्हून येका हातानं शेपटी धरून दुसऱ्या हातानं काठी आडवी धरली हुती. काठीच्या ह्या बाजूला येऊ नका म्हनला. मी म्हनलं, भाई, गाय काठीच्या त्या बाजूला हाय, मी भरू कशी?"

एक बाई फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावला. चाची हसल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"काठी खरी हाय," त्या म्हणाल्या. "म्हैनाभर जवळ घिऊन झोपायचे ती काठी." आणि मग : "त्या वळूचा नंबर काय हुता?"

"अठ्ठ्याऐंशी तीनशे धा," आबा लगेच म्हणाले. "कांडी फेकून दिली, पर नंबर रोज म्हनत हुतो. कुनी इचारलं तर सांगायचा म्हून. कुनी इचारलंच न्हाय."

चाची माझ्याकडे वळल्या. "बग तुज्या मशिनमधी."

मी तिथेच, गोठ्याच्या कट्ट्यावर बसून फोनवर दौंडच्या बाजूच्या नोंदी उघडल्या. ३ मे २०२०, कांड्या वीस, वळू ८८३१०. मग त्याची वंशावळ आणि दुसऱ्या डंकनची वंशावळ समोरासमोर ठेवली. आई-बाप वेगळे. आजे बघताना मात्र एक क्रमांक दोन्हीकडे दिसला.

"काय झालं?" चाचींनी विचारलं. त्या माझा चेहराच बघत होत्या.

"दोघांचा आजा एकच आहे. थांबा." मी कागदावर पिढ्या मोजल्या, वासराच्या बापाकडून दोन, आईकडून तीन, आणि सूत्रातला एक. पुन्हा मोजल्या. "दीड टक्का. पंचवीसच्या जागी दीड. एवढं चालतं."

"एवढं तर आमच्या सोयरिकीत बी निघंल," शेजारची बाई म्हणाली.

"डॉक्टरला काय सांगू?" अमजदने विचारलं.

चाची गोठ्यात गेल्या. कालवड रवंथ करत होती. त्यांनी तिच्या कानामागे खाजवलं, आणि तिथूनच सांगितलं, "इंजेक्शन नको म्हनावं."

तरीही मी शेपटीचे केस तपासायला पाठवले. माझा आबांवर विश्वास बसला होता, पण विश्वास ही नोंद नव्हे. अहवाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला : वळू ९१५६२ या कालवडीचा बाप नाही. मी त्याची प्रत चाचींना दिली. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली आणि पेटीत ठेवली. "आमाला जानेवारीतच ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

आबांना मात्र सोपं गेलं नाही. डंकनची लेक म्हणून कालवड विकलेल्या एकाने त्यांना भर चौकात खूप सुनावलं, आणि क्रिकेट क्लबच्या पोरांनी काही दिवस त्यांना पाहिलं की अठ्ठ्याऐंशी तीनशे धा असा ओरडा केला. पण त्या मे महिन्यातल्या आठही गायींची कार्डं घेऊन ते स्वतः माझ्याबरोबर दारोदार फिरले. जन्मलेल्या पाच कालवडींपैकी चार गोठ्यातच सापडल्या. चाचींची अजून व्यायची होती, म्हणून बाकी तिघींचं सरासरी दूध काढलं. पहिल्या डंकनच्या पोरींशी ताडून पाहिलं, राहुरीला शिकले त्याच चाचणीने. दोन्ही सरासऱ्यांपुढे एकच अक्षर आलं. संख्या लहान आहे, त्यावरून फार काही म्हणता येत नाही, असं मी आबांना सांगितलं.

"म्हंजी बरं का वाईट?"

"म्हणजे अजून तरी फरक दिसत नाही."

"मंग तसं चौकात सांगा की येकदा," आबा म्हणाले. मी सांगितलं. चौकात म्हणजे डंकन टी सेंटरवर.

ऑगस्टच्या सोळा तारखेला पहाट उजाडताना अमजदचा फोन आला. मी पोचेपर्यंत वासरू बाहेर आलं होतं. चाचींनी त्याचं नाक पुसलं होतं आणि आई त्याला चाटत होती. गोऱ्हा होता. मी झोळीच्या काट्यावर वजन घेतलं, एकतीस किलो. डोळे, टाळू, सांधे, बेंबी पाहिली. मग आम्ही मागे सरून उभे राहिलो. तो एकदा धडपडला, दुसऱ्यांदा गुडघ्यावर थांबला, आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला चारही पायांवर उभा राहून आईच्या मागच्या पायात तोंड घालू लागला. मी वेळ लिहून घेतली.

"येवढं सगळं करून गोऱ्हाच झाला, चाची," अमजद म्हणाला.

"आसू दे. हुभा राहिला न्हवं? आन दूध तर हिलाच येनार हाय, त्याला का?" चाचींनी चिकाची पहिली धार वासराला पाजली, मग एक लहान डबा भरून अमजदच्या हातात दिला. "पळसदेवला आबाला दे. सांडू नको वाटंत."

डबा घेऊन तो गेला. चाचींनी हात धुतले, घरातून गायीचं कार्ड आणि पेन आणलं, आणि माझ्याशेजारी कट्ट्यावर बसल्या.

"आता दोन-अडीच म्हैन्यानं ही पुन्यांदा माजावर यील. कुनाची कांडी देनार?"

मी तीन वळू सुचवले. तिघांचे आजे-पणजे मी आदल्या आठवड्यातच पाहून ठेवले होते. त्यातल्या एकाचं नाव चांगलं होतं, मी ते सांगायला लागले.

"नाव र्‍हाऊ दे," चाची म्हणाल्या. पेनाचं टोपण त्यांनी दातात धरलं होतं. "नंबर सांग. हळूहळू सांग, येकेक आकडा."